दगडफूल ते गोडंबी: नागपुरात न मिळणारं मसाल्याचं सामान कसं शोधायचं

मागच्या उन्हाळ्यात आजीसासूबाईंचा मसाल्याचा कागद सापडला. वहीचं पान, घडीवर फाटलेलं, तेलाचे डाग पडलेलं. धने, मिरची, खोबरं सगळं नीट वाचता आलं, पण खाली एका ओळीत फक्त "यफळ ४" एवढंच दिसत होतं, आधीचं अक्षर तेलात गेलेलं. मी मायफळ वाचलं, कारण पोरांच्या बाळगुटीच्या डबीत ते घरात होतंच आणि सासूबाईंकडे बाळगुटी नेहमीची. दुकानात जाऊन चार मायफळं मागितली, त्याने दिली. भाजायला घेणार तेवढ्यात चुलत सासूबाई आल्या आणि म्हणाल्या, "अगं, हे काय मसाल्यात टाकतेस, कागदावर जायफळ आहे वो." मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर किडीमुळे येणारी गाठ, कमालीची तुरट, आणि जायफळ म्हणजे सुगंधी बी. चार मायफळं पडली असती तर चार किलो मसाला फेकावा लागला असता.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं की नागपुरात बऱ्याच वस्तू मिळतात, आपण त्यांना चुकीच्या नावाने, चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या दुकानात मागतो. तीन गोष्टी जुळल्या की आठ-दहा वर्षं "बंद झालं" म्हणून सांगितलं जाणारं सामान समोर येते. मी ज्या क्रमाने शोधते त्याच क्रमाने लिहिते.

आधी नाव पक्कं करा, पिशवी नंतर उचला

रेसिपी पुण्या-मुंबईकडची असेल तर पहिली अडचण इथेच. मंडईत अळू मागाल तर समोरचा आलू तोलायला लागेल, कारण आपल्याकडे त्या पानांना धोपा म्हणतात. कोथिंबीर म्हणजे आपला सांभार, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे. पण कोहळ्याचं बघा. तिकडच्या रेसिपीत सांडग्यासाठी कोहळा लिहिलेला असतो, तो पांढरा, पेठा करतात तो. आपल्याकडे कोहळं म्हटलं की लाल भोपळा हातात देतात. सांडगे लालच होतात मग, आणि आपण म्हणतो रेसिपी बिघडली. म्हणून भाजीवालीला "पेठ्याचं, पांढरं" असं स्पष्ट सांगायचं. शेंगदाण्याला फल्ली म्हणणारं आपलं शहर आहे, तेव्हा तेल मागताना फल्ली तेल म्हणा, पटकन मिळते.

मसाल्याच्या बाबतीत तर एकाच वस्तूला चार-चार नावं. दगडफूल हिंदी बोलणाऱ्या दुकानदाराकडे पत्थरफूल म्हणून मिळते, जडीबुटीच्या दुकानात छरीला किंवा शैलेय म्हणून, आणि दक्षिणेकडचं सामान ठेवणाऱ्याकडे पाकिटावर कल्पासी लिहिलेलं असते. वस्तू एकच. बाद्यान, बदामफूल, चक्रीफूल हेही एकच, आठ पाकळ्यांची चांदणी. ऑनलाइन शोधायचं असेल तर शास्त्रीय नाव टाकणं सगळ्यात सोपं, कारण त्यात घोळ होत नाही. दगडफुलासाठी पार्मोट्रेमा परलॅटम, तिरफळासाठी झॅन्थॉक्झायलम ऱ्हेट्सा.

तिरफळाचं मुद्दाम सांगते. मालवणी पद्धतीची बांगड्याची आमटी करायची होती, घरच्यांना सांगितलं येताना त्रिफळ आणा, तर ते त्रिफळा चूर्ण घेऊन आले. हिरडा, बेहडा, आवळा. दुकानदाराचीही चूक नाही, नागपुरात हे नाव ऐकल्यावर पोटाचं चूर्णच आठवणार. तेव्हापासून मी सांगते, "कोकणातलं तिरफळ, माशात टाकतात ते, तपकिरी, फुटलेलं, आत काळं बी". आतलं काळं चकचकीत बी काढून टाकायचं असते, वास आणि जिभेला येणारी झिणझिणी सगळी वरच्या सालीत असते.

काळ्या बियांचा गोंधळ तर प्रत्येक घरी आहे. शहाजिरे, कलौंजी आणि कारळं. शहाजिरे बारीक, किंचित वाकडे, अंगावर उभ्या रेषा, बोटात चोळलं की गोडसर वास. कलौंजी तीन कोनी, मंद काळी, खडबडीत. कारळं लांबट आणि चमकदार, त्याला वास जवळजवळ नाही, भाजल्यावर खमंग होते, हिंदीत त्याला रामतिल म्हणतात आणि ते चटणीचं सामान आहे. गरम मसाल्यात लिहिलेलं असते ते शहाजिरे. "काळे जिरे" असं मोघम मागितलं तर समोरचा तिन्हीतलं काहीही देईल, वर कडू जिरे म्हणून एक औषधी बी आहे तेही देईल.

म्हणून माझी सवय अशी की घरातून निघण्याआधी एका चिठ्ठीवर मराठी नाव, हिंदी नाव, कशासाठी पाहिजे आणि किती ग्राम हे लिहायचं, आणि मोबाइलमध्ये त्या वस्तूचा एक जवळून काढलेला फोटो ठेवायचा. दुकानात गर्दी असली की तोंडी सांगण्यापेक्षा फोटो दाखवणं बरं पडते.

कुठल्या दुकानात काय

कोरड्या मसाल्यासाठी इतवारी. किराणा ओळ आणि मस्कासाथ, हा भाग पायी फिरायचा, गाडी नेली तर लावायलाच अर्धा तास जातो. मेट्रोच्या ॲक्वा लाइनने अग्रसेन चौक किंवा चितार ओळ चौकाला उतरून तिथून ऑटो करा. पाटीवर "ठोक व चिल्लर" लिहिलेलं असेल तिथेच जा, नुसत्या ठोकवाल्याला पन्नास ग्रामसाठी विचारलं तर तो मान वर करत नाही आणि त्याचंही बरोबर आहे. दुपारी जेवणानंतरची वेळ चांगली, दुकानदार निवांत असतो, बोलतो. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा.

माझा अनुभव सांगते, नागकेशर घ्यायला गेले तेव्हाचा. काउंटरवरच्या काकाजींनी विचारलं, "भाभीजी, मसालेवाला चाहिए के दवावाला?" मला तोवर माहीतच नव्हतं की दोन असतात. त्यांनी दोन्ही डबे पुढे ठेवले. एकात लवंगेपेक्षा छोट्या, काळपट, देठ असलेल्या कळ्या, तोंडात धरल्या तर दालचिनीसारखी चव. दुसऱ्यात सोनेरी-तपकिरी बारीक तंतू, फुलातले केसर, हलका सुवास. मसाल्यात जातो तो पहिला, दालचिनीच्या जातीच्या झाडाचा. दुसरा खरा नागकेशर म्हणून वैद्य वापरतात. आपण मसाल्यासाठी मागतोय हे सांगितलं नाही तर कधी कळ्या येतील कधी तंतू, आणि दर वर्षी मसाल्याची चव वेगळी का लागते हे कळणार नाही. तिसरा प्रकार पूजेच्या सामानाच्या दुकानात मिळतो, तो खाण्यासाठी घेऊच नका, तो कुठे किती दिवस उघडा पडला होता कोणाला माहीत.

दुसरं ठिकाण जडीबुटीचं दुकान. इतवारी आणि महाल भागात जुनी दुकानं आहेत, भिंतभर लाकडी खण असलेली. कबाबचिनी, डिंकाचे प्रकार, पिंपळी, किराणावाला नाही म्हणतो ते इथे निघते. कबाबचिनी घेताना शेपूट बघा, ती मिऱ्यासारखी दिसते पण प्रत्येक दाण्याला छोटी काडी चिकटलेली असते. शेपूट नसलेला, जरा मोठा, लवंग-दालचिनीचा वास येणारा दाणा देत असतील तर ते ऑलस्पाइस आहे, त्यालाही बरेच जण कबाबचिनीच म्हणतात. वाईट नाही, पण ती वस्तू वेगळी.

तिसरं, आठवडी बाजार. सक्करदऱ्याचा बुधवार बाजार मला सगळ्यात आवडतो. ओट्यावरच्या मोठ्या भाजीवाल्यांकडे नाही, कडेला जमिनीवर पोतं टाकून बसलेल्या मावशींकडे जायचं, ज्या उमरेड-कुही बाजूच्या गावातून एक टोपली घेऊन येतात. तरोटा (तिकडचा टाकळा), अंबाडी, सुकवलेली हरभऱ्याची भाजी, लाखोरीची म्हणजे लाखेच्या डाळीच्या रोपाची भाजी त्यांच्याकडे असते आणि तीही मोजून पाच-सहा जुड्या. सकाळीच संपते. एकदा घेतलं की "मावशी, पुढच्या बुधवारी आणता का, मी घेईनच" असं सांगून ठेवा आणि खरंच जा. आपण दोनदा गेलो नाही की ती आणणं बंद करते, कारण तिचं बसभाडं त्यात जाते. असं किती वस्तूंचं झालं असेल.

चौथं ठिकाण फार कमी लोक वापरतात, ते म्हणजे मसाला कांडप. मार्च ते मे मोहल्ल्यातल्या कांडपावर बायकांच्या ताटांची रांग लागलेली असते. प्रत्येक ताटात काय आहे ते बघा आणि विचारा. कांडपवाल्या ताईंच्या डोळ्यासमोरून रोज वीस-पंचवीस घरांचा मसाला जातो, यंदा कोणाचं दगडफूल चांगलं आलं, कोणाच्या धन्याला कीड होती, त्यांना तोंडपाठ असते. मला चांगली जायपत्री कुठे मिळते हे तिथेच कळलं, एका अनोळखी काकूंनी दुकानाचा पत्ता माझ्या पिशवीवर पेनाने लिहून दिला.

महिना चुकवू नका

पहिला पाऊस पडून दहा-पंधरा दिवस झाले की तरोटा. फक्त कोवळी पानं, झाड गुडघ्याच्या वर गेलं की भाजी चरबट लागते. रानातून स्वतः तोडायचा उत्साह नसलेला बरा, कारण तरोट्यासारखंच दिसणारं कासविंदा नावाचं झाड असते आणि ते विषारी ठरू शकते, म्हणून ओळखीच्या मावशीकडूनच.

थंडीत अंबाडीची लाल फुलं, म्हणजे खरं तर फुलाखालची मांसल पाकळी, शरबताला आणि चटणीला. त्याच दिवसांत डिंक आणि गोडंबी. जानेवारीनंतर नवी लाल मिरची. जवसाचं नवं पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळ्यात चारोळी, गडचिरोली, गोंदिया आणि तिकडे छिंदवाड्याच्या जंगलातून येते.

मिरचीचं थोडं जास्त सांगते कारण सावजी रश्श्याचा अर्धा जीव तिच्यात आहे. भिवापुरी मिरचीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे, पण शहरात भिवापुरीच्या नावाने जे पोतं उघडं असते त्यात संकरित जातीही असतात, कारण जुन्या गावरान मिरचीचा पेरा कमी झाला आहे. शक्य असेल तर हंगामात एक दिवस काढून भिवापूर किंवा मांढळकडे जा. तिथे मिरचीचे सातरे असतात, शेकडो बायका बसून देठ खुडतात, दूरूनच ठसका लागतो, नाकाला रुमाल बांधून जा. ओळख काढून एखाद्या शेतकऱ्याकडून गावरान, देठासकट मिरची घ्या. देठ राहिलं की मिरची जास्त टिकते, घरी आणून दोन उन्हं दिली की मग देठ काढा. चार-पाच घरांनी मिळून घेतलं तर गाडीचा खर्चही निघतो. हळदीसाठी असंच वर्धा जिल्ह्यातलं समुद्रपूर, वायगावची हळद, तिलाही जीआय आहे, रंग गडद आणि थोडी टाकली तरी पुरते.

घेताना हातात धरून बघा

दगडफूल बघताना मी पुडी कागदावर ओतायला सांगते. ते फूल नाहीच, झाडाच्या सालीवर आणि खडकावर वाढणारं शैवाक (लायकेन) आहे. वरून राखाडी, खालून काळं, कडा दुमडलेल्या, कागदाइतकं पातळ. चांगला माल मोठ्या तुकड्यांचा असतो आणि मुठीत दाबला तर चुरचुर आवाज येतो. दाबल्यावर नरम लागलं, गप्प बसलं तर ओल धरलेली आहे, बुरशी येणार. झाडाची साल, काड्या, माती बरीच येते, वजन त्याचंच भरते, म्हणून भुग्याची पुडी घेऊ नका. आणि कच्चं हुंगून निराश होऊ नका, कच्च्याला वास नसतोच. घरी एक तुकडा चमचाभर गरम तेलात टाका, अर्ध्या मिनिटात पावसानंतरच्या लाकडासारखा, धुरकट, खोल वास घरभर जातो. तो आला नाही तर माल जुना आहे. धुवायचं नाही, चाळणीत आपटून माती काढायची आणि सगळ्या मसाल्यांच्या शेवटी, गॅस बंद करण्याआधी भाजायचं, कारण जळलं की कडू होते. आमच्याकडे पाव किलो मसाल्याला दहा ग्राम, त्यावर नाही.

जायपत्री केशरी-पिवळी, जाळीदार असते आणि नखाने दाबली तर बोटाला तेलकट सुगंध राहतो. गडद लाल, पातळ लांब धाग्यांची, फारसा वास नसलेली असेल तर ती रामपत्री, स्वस्त असते आणि मिसळली जाते. लवंग ग्लासभर पाण्यात टाका, चांगली लवंग खाली बसते, तेल काढून घेतलेली वर तरंगते. तयार तिखट घ्यावंच लागलं तर पाण्यावर चिमूटभर भुरभुरा, रंगाच्या रेघा खाली उतरताना दिसल्या तर बाहेरचा रंग आहे.

गोडंबीबद्दल मनापासून सांगायचं आहे. ही बिब्ब्याच्या आतली गर, शिऱ्यात, डिंकाच्या लाडवात, आणि जुन्या घरांत रश्श्यातही जाते. बिब्ब्याच्या कवचातलं तेल कातडीवर पडलं की फोड येतात, जखमा होतात. ज्या बायका बिब्बे फोडून गोडंबी काढतात त्यांची बोटं बघितली की महाग का आहे हे विचारावंसं वाटत नाही, भाव करू नका. स्वस्त पडते म्हणून अख्खे बिब्बे आणून घरी फोडायच्या भानगडीत अजिबात पडू नका. गोडंबी पांढरट, अखंड, डाग नसलेली घ्या, काळे डाग म्हणजे कवचाचं तेल लागलेलं. काजू, आंबा, चारोळी, बिब्बा सगळे एकाच कुळातले, तेव्हा घरात कोणाला काजूची ॲलर्जी असेल तर गोडंबी टाळा.

ऑनलाइन मागवायची वेळ आली तर पाकिटाच्या मागचा फोटो बघितल्याशिवाय नको. एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) चौदा आकडी नंबर, पॅकिंगची तारीख आणि वजन दिसलं पाहिजे. पहिल्या वेळी पन्नास ग्रामच. मी एकदा तिरफळ अर्धा किलो मागवलं, त्यात निम्मं काळं बी आणि काड्या निघाल्या, परत घेतलं नाही.

नाहीच मिळालं तर

दगडफूल नसेल तर सोडून द्या, त्याच्या जागी दुसरं काही टाकू नका, त्याचा वास दुसऱ्या कशात नाही. नागकेशर नसेल तर लवंग आणि दालचिनी अगदी किंचित वाढवली की चालून जाते. कबाबचिनीच्या जागी मिरी. तिरफळाच्या जागी चायनीज सामानाच्या दुकानात मिळणारी सिचुआन मिरी, ती त्याच जातीची, पण अर्धीच टाका, वास वेगळा आहे. गोडंबीच्या जागी चारोळी, पण काजूची ॲलर्जी असेल तर तीही नको, कूळ तेच. लाखोरीच्या भाजीच्या जागी सुकवलेली हरभऱ्याची भाजी, तिला आंबट चव स्वतःचीच असते म्हणून चिंच कमी. लाखोरीची डाळ मात्र रोजच्या वरणाला आणू नका, महिनोन् महिने तीच खाल्ली तर पाय लुळे पडू शकतात, हे जुन्या लोकांनी बघितलेलं आहे. तुरीच्या डाळीत ती कधी मिसळलेली येते, तिचे दाणे पाचरीसारखे, कोनदार असतात, निवडताना लक्ष ठेवा.

इतक्या कष्टाने आणलं, आता सांभाळा

दगडफूल, नागकेशर, जायपत्री एकदा कडक उन्हात किंवा मंद कढईत कोमट करून काचेच्या घट्ट बरणीत, अंधाऱ्या कपाटात. आपल्याकडचा मे महिना एरवी नकोसा होतो, पण मसाल्याला तो सोन्यासारखा, पाऊस लागायच्या आत हे काम संपवा. गोडंबी आणि चारोळी तेलकट असतात, बाहेर दोन महिन्यांत खवट होतात, त्या फ्रिजमध्ये. जवस अख्खं ठेवा, पूड लागेल तेवढीच, पंधरा दिवसांची. तयार मसाल्याच्या बरणीत वर हिंगाचा खडा.

प्रत्येक बरणीवर मी कागद चिकटवते: वस्तूचं नाव, दुकानदार कोणत्या नावाने ओळखतो ते नाव, कुठून आणलं आणि कोणत्या महिन्यात. आजीसासूबाईंच्या कागदावर जे अक्षर तेलात गेलं होतं ते मी आता लाल पेनाने ठळक लिहून ठेवलं आहे, जायफळ ४, आणि कागदाला प्लास्टिक लावून घेतलं आहे.